मामाच्या तळहातावरचा फिल्टर

माझा मामा मूर्ख आहे, हे मला वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी कळलं. इतका उशीर झाला याची लाज वाटते, कारण पुरावे लहानपणापासून घरात लोळत होते. पण आमच्या घरात मामाबद्दल शंका घ्यायची पद्धतच नव्हती. आईचा तो धाकटा भाऊ. वडील गेल्यावर आमचं दार वाजवणारा एकटा तोच. त्याने उद्यापासून सूर्य पश्चिमेला उगवणार म्हटलं असतं, तर आईने त्या बाजूच्या खिडकीला पडदा शिवला असता.

मामाचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. दुकान कसलं, एक लांबट खोली. समोर चिकटपट्टीने जोडलेली काच असलेलं काउंटर, मागे छतापर्यंत खोकी, आणि मध्ये उंच स्टुलावर मामा. बाजारात त्याला ‘तराजू’ म्हणतात. हे नाव त्याला चिडवायला ठेवलं होतं की कौतुकाने, हे आता कोणालाच आठवत नाही. मामाने मात्र ते पदवीसारखं मिरवलं.

गिऱ्हाईक ऑइल फिल्टर मागायला आलं की मामा दोन-तीन खोकी उघडून मांडतो. मग एकेक फिल्टर उजव्या तळहातावर ठेवतो, डोळे मिटतो आणि हात दोनदा वर-खाली करतो. दुकानात सगळे गप्प. डोळे उघडून म्हणतो, “हा पोकळ.” दुसरा घेतो. “हं. हा दमदार.” गिऱ्हाईक दमदार घेऊन जातं आणि जाताना मामाच्या हाताकडे असं बघतं, जणू तिथून प्रकाश निघतोय.

वजन तो अचूक सांगतो, हे मान्य करायला हवं. शेजारणीचं आठ दिवसांचं बाळ हातात घेऊन त्याने वजन सांगितलं होतं आणि दवाखान्याच्या काट्यावर पन्नास ग्रॅमचा फरक निघाला. तेव्हापासून तर विचारूच नका. पण प्रश्न एवढाच आहे की फिल्टरचं काम तेल गाळायचं. चहाची गाळणी कोणी वजनावर घेतं का? तीस वर्षांत हा प्रश्न एकाही शहाण्याला पडला नाही. मलाही नाही.

एकेकाळी त्यात थोडं तथ्य होतं म्हणे. तेव्हा बनावट माल पातळ पत्र्याचा यायचा, हाताला लगेच हलका लागायचा. मामा तेवढी एक गोष्ट शिकला आणि शिक्षण पूर्ण झालं म्हणून पाटी फोडली. कंपन्या दरवर्षी जाड पुस्तक पाठवतात, कुठल्या गाडीला कुठल्या नंबरचा फिल्टर ते त्यात लिहिलेलं असतं. मामा त्या पुस्तकावर चहाचा कप ठेवतो. “पुस्तक वाचून कोणी पोहायला शिकतं का?” असं विचारतो आणि स्वतःच हसतो.

पण बनावट माल करणारे काही मामाचे भाऊ नव्हते, ते विचार करणारे लोक होते. दुकानदार फिल्टर हातावर तोलतात हे त्यांना कळलं, तेव्हा त्यांनी बुडाला जाड पत्रा घातला. आत काय घालायचं, हा प्रश्न राहिलाच नाही, कारण आत कोणी बघतच नव्हतं. असा माल घेऊन एक फिरता विक्रेता मामाकडे आला. मी तेव्हा दुकानातच होते. तो म्हणाला, “शेठ, बाकीच्यांना मी फक्त दर सांगतो. तुमच्याकडे मात्र परीक्षेला आलोय. तुमच्या हातात पास झाला तरच विकीन.” मामाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला शिडीसुद्धा लागत नाही. त्याने फिल्टर तळहातावर घेतला, डोळे मिटले, आणि म्हणाला, “वा!” त्या एका ‘वा’वर तीनशे नग आले.

त्यातला एक माझ्या गाडीला लागला.

माझी गाडी म्हणजे छोटी व्हॅन. सकाळी सहाला निघायचं, सात दवाखान्यांतून रक्ताच्या नमुन्यांच्या बर्फाच्या पेट्या उचलायच्या आणि नऊच्या आत मोठ्या प्रयोगशाळेत पोचवायच्या. चार वर्षांत मी एकदाही उशिरा पोचले नव्हते. दर सोमवारी तेलाची काडी काढायची, पुसायची, परत घालून बघायची, ठरलेल्या किलोमीटरला तेल बदलायचं. या बाबतीत मी नवी सून नसेल इतकी काटेकोर. फिल्टर तेवढा मामाकडून आणायचा. घरचा माणूस असताना बाहेर कशाला जायचं, असं आई म्हणायची.

गॅरेजमधल्या फिटरने तो नग हातात घेतला तेव्हा त्याच्या तोंडाच्या रबरी कड्यावर अंगठ्याचं नख रुतवून बघितलं.

“रबर फार कडक आहे, ताई. कुठून आणला?”

“मामाकडून.”

“मग काय बोलायचं,” असं म्हणून त्याने तो बसवला. म्हणजे त्याला कळलं होतं. कळूनही तो गप्प बसला, कारण मामाच्या दुकानातून त्याच्याकडे गिऱ्हाईक येतं. मूग गिळून बसणाऱ्यांची आमच्या बाजारात कधीच टंचाई नसते.

पंधरा दिवसांनंतर रोज सकाळी पहिल्यांदा गाडी चालू केली की इंजिन चार-पाच सेकंद खडखडायचं आणि तेलाचा लाल दिवा नेहमीपेक्षा उशिरा विझायचा. मी मामाला सांगितलं. तो म्हणाला, “थंडी पडलीय. गाडीलाही आळस झटकायचा असतो.” आणि मी, चार वर्षं गाडी चालवणारी बाई, हे ऐकून घरी आले. मामाबद्दल मला जेवढा तिरस्कार वाटतो, त्यातला थोडा मी त्या दिवसासाठी स्वतःकडे राखून ठेवला आहे.

आणखी आठ दिवसांनी, पाचवा दवाखाना करून पुलाच्या चढावर असताना लाल दिवा लागला. मी पाय ब्रेकवर ठेवेपर्यंत आतून कोणी हातोडा मारावा तसा ठोका आला, दुसरा आला, आणि इंजिन जागच्या जागी बसलं. किल्ली फिरवली तर साधी हूं की चूं नाही. मागे हॉर्न, पेट्यांमध्ये बर्फ वितळतोय, आणि मी टॅक्सीला हात करत रस्त्याच्या मधोमध. प्रयोगशाळेत पोचले तेव्हा दहा वाजले होते. एकोणीस नमुने फेकून द्यावे लागले. म्हणजे एकोणीस माणसांना परत उपाशीपोटी येऊन परत सुई टोचून घ्यावी लागली. त्यात एक सहा वर्षांची मुलगी होती, असं तिथल्या सुपरवायझर बाईंनी मला मुद्दाम सांगितलं.

सुपरवायझर बाई कडक, पण वाकड्या नाहीत. त्या म्हणाल्या, “नियम सरळ आहे. गाडीची निगा राखली नाही म्हणून बंद पडली, तर नाव यादीतून जातं. पार्टच खराब निघाला असेल, तर इंजिन होईपर्यंत महिनाभर तुमची जागा राखून ठेवते. पण ते तुम्ही सांगून चालणार नाही, आणि बसवणाऱ्यानेही नाही. ज्याने विकला त्याने सांगायचं. उद्या अकराला मी त्यांना फोन करते.”

मला वाटलं, सुटले. विकणारा तर घरचाच होता!

त्या दुपारी फिटरने फिल्टर काढला. त्याच्याकडे डबा उघडायच्या चावीसारखं कापायचं हत्यार आहे. डब्याची कड गोल कापून त्याने आतला ऐवज वर्तमानपत्रावर ठेवला. मग एक चांगल्या कंपनीचा जुना, काढून टाकलेला फिल्टर शोधून तोही कापला आणि शेजारी ठेवला. आता त्याची जीभ सुटली होती. चांगल्यातला कागद दाट, घड्या अगदी सारख्या, दोन्ही टोकांना नीट चिकटवलेल्या. आतली रबरी चकती वर्ष होऊनही मऊ. गाडी बंद असताना तीच तेल आत धरून ठेवते. माझ्यातल्या घड्या मोजून निम्म्या. एका बाजूचा डिंक सुटलेला, तिथून कागद फाटून त्याचे तुकडे तेलाबरोबर पुढे गेलेले आणि तेलाच्या वाटा बंद झालेल्या. रबरी चकती वाळलेल्या पापडासारखी. तेल रात्रभर खाली उतरून जायचं आणि सकाळी इंजिन कोरडंच फिरायचं. म्हणून तो खडखडाट. बुडाचा पत्रा मात्र असा जाड, की त्याचा तवा झाला असता.

“हे तू तेव्हा का नाही बोललास?” मी विचारलं.

“तुमच्या मामांच्या हातातनं आलेला होता ना, ताई.” वर हसला. मी सगळे तुकडे त्याच वर्तमानपत्रात गुंडाळले.

वर्तमानपत्राची पुडी घेऊन संध्याकाळी दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. सगळं काउंटरवर पसरलं आणि मामाला बोट लावून दाखवलं: हा कागद, हा डिंक, हे रबर. त्याने कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “कापल्यावर कुठलीही वस्तू वाईटच दिसते.”

“मामा, निम्म्या घड्या आहेत. मोज तू.”

“घड्या मोजायला मी काय इस्त्रीवाला आहे?”

मला ओरडायचं होतं. पण माझी जागा त्याच्या जिभेवर होती, म्हणून मी विनवण्या केल्या. हो, या माणसाच्या विनवण्या केल्या. “उद्या फोन येईल. एवढंच सांग, की नग खराब निघाला. तुझ्या हाताचं नावही काढू नकोस. कंपनीवर घाल, नशिबावर घाल. पण खराब निघाला एवढं म्हण.”

“बघू,” तो म्हणाला आणि पुडीची घडी घालून माझ्या हातात दिली.

घरी आई म्हणाली, “अगं, माझा भाऊ आहे तो. तुझ्यावर वेळ आली तर अंगावरचा शर्ट काढून देईल.” मला शर्ट नको होता.

दुसऱ्या दिवशी पावणेअकरालाच जाऊन उभी राहिले. नेमकी तीन गिऱ्हाइकं काउंटरला टेकलेली. एक शाळेच्या बसचा ड्रायव्हर, एक म्हातारे निवृत्त गृहस्थ जुन्या गाडीवाले, आणि एक कोणी नवीन मनुष्य, जो ‘तराजू’ची कीर्ती ऐकून मुद्दाम आला होता. मामाच्या हातावर फिल्टर, डोळे मिटलेले. तेवढ्यात फोन वाजला. मामाने तो स्पीकरवर टाकला. तो सगळेच फोन स्पीकरवर टाकतो. आपल्याला फोन येतात हे लोकांना कळायला नको का?

सुपरवायझर बाईंचा आवाज दुकानभर झाला. नाव, गाडी, तारीख सांगून त्यांनी विचारलं, “तुमच्याकडून गेलेला ऑइल फिल्टर खराब निघाला, असं त्यांचं म्हणणं आहे. हे खरं आहे का?”

मामाने डोळे उघडले. आधी ड्रायव्हरकडे बघितलं, मग म्हाताऱ्यांकडे, मग त्या नवीन माणसाकडे, ज्याचा फिल्टर अजून मामाच्याच तळहातावर होता. मागच्या फळीवर त्याच मालाची खोकी छतापर्यंत रचलेली होती. माझ्याकडे त्याने बघितलं नाही. मी एवढी जवळ होते की हात लांब केला असता तर त्याचं स्टूल हललं असतं.

“माझ्या हातातून खराब नग जात नाही, बाई,” तो म्हणाला. “तीस वर्षं झाली. बाजारात कोणालाही विचारा.”

“मग इंजिन कशाने गेलं?”

“पोरगी गुणी आहे, भाचीच आहे माझी. पण आजकालची मुलं, तेलबिल बघायचा कंटाळा करतात. मी किती वेळा सांगितलं.”

“ठीक आहे,” बाई म्हणाल्या. “आभारी आहे.” फोन बंद झाला.

शाळेच्या बसचा ड्रायव्हर माझ्याकडे बघून चुकचुकला. म्हातारे गृहस्थ म्हणाले, “तेल वेळच्या वेळी बघावं, बाळ.” नवीन माणसाने पैसे टाकले आणि दमदार फिल्टर पिशवीत घालून समाधानाने निघून गेला. त्या तिघांमध्ये मिळून एका माणसापुरती अक्कल नव्हती, आणि माझं चार वर्षांचं काम गेलं ते त्या तिघांसमोर मामाचं नाक वर राहावं म्हणून.

मूर्ख माणसाला माफ करता येतं, असं मी रात्रभर स्वतःला समजावलं होतं. पण कुठे बघायचं नाही हे ज्याला इतकं नेमकं कळतं, तो मूर्ख कसला? सगळं त्याला समजत होतं. काल वर्तमानपत्रावरच समजलं होतं.

गिऱ्हाइकं पांगल्यावर मामा स्टुलावरून उतरला. त्याचा चेहरा मोठं मन करणाऱ्या माणसाचा झाला होता. “जाऊ दे गं ते पेट्या वाहायचं काम. बाईमाणसाने पहाटे सहाला कशाला निघायचं? उद्यापासून इथे बस. मला कुठे मूलबाळ आहे? हा हात तुला शिकवतो. एक-दोन वर्षांत तू माझ्यासारखी होशील.”

तो खरंच मनापासून बोलत होता. मला शिसारी आली.

“नको,” मी म्हटलं. “तुमचं दुकान तुम्हीच सांभाळा. येते मी.”

जन्मापासून मी त्याला अरे-तुरे करत आले. मामाच्या हा बदल लगेच लक्षात आला आणि तो खुलला. मी पायरी उतरत होते तेव्हा आत शिरणाऱ्या पुढच्या गिऱ्हाइकाला तो सांगत होता, “ही माझी भाची. पूर्वी फार तोंडाळ होती. आता बघा, कशी मान देऊन बोलते.”