खालच्या तुकड्यातली माती

जेवणं उरकून त्रिशला घराच्या पुढच्या सोप्यात नुसती पाठ टेकते. चार वाजता रानात चर खणायला जेसीबी येणार आहे, आणि नवऱ्याचं, सुकुमारचं, सकाळपासून एकच पालुपद चाललंय, "अण्णांनी मरताना बजावलंय, रानात चर नको. जेसीबी परत पाठवू." गेलेल्या माणसाचा शब्द पाळायचा आणि डोळ्यांदेखत रान मिठानं पांढरं होऊ द्यायचं! तिच्या अंगाचा तिळपापड होतो. त्या रागातच डोळा लागतो.

"झोपलीस व्हय गं?"

सासरे, भूपालअण्णा, उंबऱ्यावर बसलेत. जाऊन तीन वर्षं झाली, तरी टोपी कडक इस्त्रीची. फरशीच्या फटींतून पाणी वर येतंय आणि त्यांचे पाय घोट्यापर्यंत बुडालेत.

"बघा मामा, निचराच नाही," ती म्हणते. "उसाच्या मुळ्या कुजल्या. चर काढून पाइप टाकले तरच हे मीठ धुऊन जाईल."

"माती तपासून आणलेली मी. झ्याक निघाली होती."

"कुठली माती?"

घराचा सोपा नाही आता, गोठ्यामागचा उकिरडा आहे. अण्णा इकडंतिकडं बघत खुरप्यानं काळीभोर माती पिशवीत भरताहेत.

"उकिरड्याची माती दिलीत?"

"चावडीत सगळ्यांम्होरं निकाल वाचणार होते, पोरी. माझं रान नापास झालेलं मला सोसलं नसतं."

"आणि आम्ही त्या कागदावर विसंबून बारा वर्षं नुसतं पाणी पाजत बसलो! तुमच्या मिशीचा पीळ राहावा म्हणून?" सासऱ्यापुढे तिचा आवाज कधी चढला नव्हता. आज ती ओरडते. "मला काय सांगता? पोराला सांगा तुमच्या!"

पायाखाली पांढरं रान आहे. अण्णा बांधावर मान खाली घालून बसलेत.

"त्याच्याम्होरं जायचं धाडस न्हाई माझं. खरी माती आधी भरली होती. मग लपवली." ते एक पिशवी पुढं करतात. त्रिशला ती हिसकावून घेते.

"त्रिशला, ऊठ. जेसीबीवाला आलाय, काय सांगू त्याला?"

सुकुमार दारात उभा आहे. तिच्या मुठीत विटकी कापडी पिशवी आहे. आत पांढरट माती, आणि तोंडाला बांधलेल्या चिठ्ठीवर अण्णांचं वळणदार अक्षर: 'खालचा तुकडा. तपासणीसाठी.'

तिचा राग तसूभरही उतरलेला नाही. ती पिशवी नवऱ्याच्या हातात कोंबते.

"अक्षर ओळखा," ती म्हणते. "आणि मग पाठवा त्याला परत, हिंमत असेल तर."