मारुतीच्या बाटलीचं माप

मारुती गेल्याचा निरोप पुण्याहून आला तेव्हा मी ऑफिसात होतो. घरी येऊन हिला सांगितलं. ही रडली नाही. "मीच मारलं माझ्या भावाला," एवढंच म्हणाली... बहिणीला असं वाटतंच, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

मारुती माझा धाकटा मेव्हणा, तिकोणा पेठ गावचा, पवनेच्या धरणावर मुकादम. आतड्याला पीळ पडला म्हणून पुण्यात पोट उघडलं, आणि जखम भरण्याऐवजी आतड्यातलं पाणी तिच्यातून बाहेर झिरपू लागलं. लोणावळ्यातले आमचे तरुण डॉक्टर म्हणाले, पुन्हा कापायची घाई नको. त्याच भोकातून बारीक रबरी नळी आत सोडू, घाण बाटलीत उतरू दे. आत साचलं नाही तर भोक आपोआप बुजतं. मात्र रोजचं माप चोख हवं. पंधरा दिवसांत उतार पडला नाही, तर पुण्याला नेऊन पोट उघडावं लागेल.

माप माझ्याकडे आलं. आमच्याच मधल्या खोलीत त्याची खाट टाकली. रोज सकाळी सातला बाटली काढायची, काचेच्या मापानं मोजायची, वहीत मांडायचं. "दाजी, दूधवाल्याचं मोजत न्हाई एवढं माझं मोजता!" तो म्हणे. "दूधवाला पाणी घालतो, तू काय घालणार?" मी म्हणे. तो पोट धरून हसे...

पहिले चार दिवस सहाशे सी.सी.च्या आसपास होतं. मग पाचशे, चारशे, अडीचशे. एकशे ऐंशी आलं त्या दिवशी मी वही घेऊन जवळजवळ धावतच दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी माझे आकडे पाहून नळी थोडी थोडी मागे ओढायला घेतली. ती पूर्ण निघाल्यावर तिसऱ्या दिवशी मारुतीला हुडहुडी भरली. आत पू साचला होता. पुण्याला नेला, चौथ्या दिवशी गेला.

तेराव्यानंतर ही बोलली. "पुन्यांदा कापलं तर मी जगत न्हाई, म्हनला. शपथ घातली. तुमी उठायच्या आधी मी रोज बाटलीतलं मोरीत वतत हुते."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुमी डॉक्टरला सांगितलं असतं."

सांगितलंच असतं! त्यासाठीच तर मी मोजत होतो. माझ्याच घरात दोघं बहीणभाऊ माझ्या हातानं खोटं लिहून घेत होती, आणि आकडा उतरला म्हणून मी त्याची पाठ थोपटत होतो. गेलेल्या माणसाचा राग येतो हे लिहायला लाज वाटते, पण येतो.

हे लिहिण्याआधी हिला विचारलं. "लिवा," म्हणाली, "पर वतलं मी, असंच लिवा. त्याला उठवत बी नव्हतं."

तेही खरं नाही. खाटेपासून मोरीच्या दारापर्यंत निळसर भिंतीवर पांढरे ठसे आहेत. नळीभोवतीची कातडी सोलवटू नये म्हणून तो स्वतः मलम लावायचा, त्या हाताचे. पावलापावलाला भिंतीशी टेकत तो गेलेला आहे; दुसऱ्या हातात बाटली असणार. ठसे मी मोजले. नऊ आहेत. ही दोनदा ओलं फडकं घेऊन भिंतीशी गेली. दोन्ही वेळा मी ते तिच्या हातातून काढून घेतलं.