सुगंधाबाईंची वही

भुसावळला आमच्या रेल्वे कॉलनीच्या कोपऱ्यावर सुगंधाबाई केळीचे वेफर्स तळतात. नवरा गेल्यापासून पंधरा वर्षं. गाळा स्वतःचा. तीन वर्षांपूर्वी नवी भट्टी घ्यायला त्यांनी गाळ्याची कागदं तारण ठेवली आणि बँकेचं पाच लाखांचं कर्ज काढलं, पाच वर्षांच्या मुदतीचं. यंदा तेलाच्या धुराने छाती धरली. डॉक्टर म्हणाले, भट्टीपुढे उभं राहणं बंद. धुळ्याची लेक बोलावतच होती, आणि फैजपूरच्या एकाने गाळा विकत मागितला. त्याला महिनाअखेरपर्यंत कागदं दिसायला हवी होती.

कर्ज फेडून कागदं सोडवायला बाईंनी शिल्लक घातली, वर भिशी उचलली. आमच्याकडच्या बायका भिशीचा पैसा पतसंस्थेत ठेवतात. घरात ठेवला की पुरुषांना वास लागतो. पतसंस्थेने थेट बँकेच्या नावाचा ड्राफ्ट काढून दिला. एवढं स्वच्छ काम कुठलं, असं बाईंना वाटलं. तिथेच घोडं पेंड खायला लागलं.

"ड्राफ्ट पतसंस्थेचा, म्हणजे दुसऱ्या संस्थेने तुमचं कर्ज आपल्याकडे घेतलंय," बँकेचे मॅनेजर म्हणाले. "करारात आहे. मुदतीआधी असं बंद केलं तर मूळ रकमेच्या पाच टक्के. जीएसटी धरून साडेएकोणतीस हजार."

मी पार्सल ऑफिसातला निवृत्त कारकून. नियम म्हटला की माझ्या अंगात येतं. घरी भाजीच्या जुडीचाही हिशेब मागतो. करार वाचला, तर स्वतःच्या पैशाने फेडल्यास शुल्क नाही, हेही त्यातच होतं. शुल्काचे पैसे मी उसने देऊ शकलो असतो. पण मी बाईंना ठणकावलं, "एक पैसा द्यायचा नाही. मी अर्ज लिहितो."

दोन अर्ज झाले. मॅनेजरांनी शांतपणे विचारलं, "पैसे भिशीचे आहेत ना? मग वही आणा. नावं बघतो, दोन-चार घरी फोन करून खात्री करतो आणि आजच खातं बंद करतो."

वही बाईंच्या पिशवीतच होती, मला वरून दिसत होती. त्यांनी पिशवी काखेत घट्ट धरली. "वही नाही देणार, साहेब."

बाहेर आल्यावर मी भडकलो. त्या जिना उतरून धापा टाकत थांबल्या. "भाऊ, त्यातल्या कितीतरी बायकांच्या घरी भिशी माहीत नाही. फोन गेला तर त्यांनी काय सांगायचं?"

"त्यांचं त्या बघतील," मी म्हणालो.

महिना संपला. फैजपूरवाल्याने दुसरा गाळा घेतला. त्या रात्री जेवताना मी तणतणत होतो, की बाईचा हट्ट नडला, वही दाखवायला हिचं काय जात होतं. माझी बायको कोकिळा धुळ्याकडची. मनातलं बोलायचं झालं की अहिराणीवर येते. ताटात पोळी टाकत ती म्हणाली, "त्या वहीमा मनं बी नाव शे."

तिचंही नाव त्या वहीत, आणि मला इतकी वर्षं पत्ता नाही.

सकाळी गाळ्यावर गेलो. सुगंधाबाई तोंडाला पदर बांधून तळत होत्या. वही मागच्या फळीवर होती.

"भाऊ, तिसरा अर्ज लिहायचा का?" त्यांनी विचारलं.

मला त्यांच्याकडे बघवेना. मी म्हणालो, "नको. ते परत वही मागतील."