मरणाऱ्या राजाचा आवाज

मला कुजबुजता येत नाही. नारपोलीच्या कापड कारखान्यात पंचवीस वर्षं लूम चालवल्यावर कोणालाच येत नाही. त्या खडखडाटात शेजारच्याकडे चहा मागायचा तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं.

हे माहीत असूनही माझ्या सायलीने कॉलेजच्या शेवटच्या परीक्षेसाठी बनवलेल्या गेममधल्या मरणाऱ्या राजाचा आवाज मला दिला. (घरात दुसरा पुरुष नव्हता.) खेळणाऱ्याने राजकन्या व्हायचं, बापाचे शेवटचे शब्द ऐकायचे आणि शापित जंगलात निघायचं.

"बाबा, सगळी गोष्ट उदास आहे. इथे सूर बिघडला की लोक हसणार आणि माझं वर्ष जाणार. हळू बोला."

मी गोधडी डोक्यावर घेतली, मोबाइल तोंडाशी धरला आणि अगदी हळू म्हणालो, "लेकी, दिवा!... विझू देऊ नकोस!"

शेजारच्या नफीसाआपा ओढणी सावरत धावत आल्या. "भाभी, भाईसाब ठीक तो हैं?"

"मरतायत," बायको भाकरी थापत म्हणाली. "सकाळपासून जमत नाहीये."

आपा मटकन खाली बसल्या. त्यांना पाणी देऊन गेम समजावण्यात अर्धा तास गेला. मग मी आणखी हळू बोललो, तर खाली उभा असलेला रिक्षावाला ओरडला, "दिवा स्टेशनला न्हाय जमणार काका, लांब पडतं."

नवव्या खेपेला सायली रडली. मला खरंच लाज वाटली. पोरीने वर्षभर खपून उभं केलेलं राज्य मी एका वाक्यात बुडवत होतो.

तिने डोळे पुसले आणि गोष्टच बदलली. आता राजाचा जन्म धबधब्याशेजारी गेलेला, त्याला हळू बोलणं ठाऊकच नाही. पहिल्या प्रसंगापासून तो मोठ्यानेच बोलतो, अंगाईसुद्धा ओरडूनच गातो. मीच गायली. (आपांची मांजर तीन दिवस आमच्याकडे फिरकली नाही.)

परीक्षेला आम्ही नवराबायको मागच्या बाकावर बसलो. पडद्यावर राजा मेला. कोणी हसलं नाही. परीक्षक बाईंनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "हा राजा सुचला कुठून गं?"

माझा ऊर भरून आला. मी बायकोच्या कानाशी वाकून कुजबुजलो, "राजा मीच."

पलीकडच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहिले. हात जोडून म्हणाले, "महाराज, आमच्याकडे पेपर चालू आहे."