ब्रिक गेमनं मामाला बोलतं केलं

दोस्तहो, आत्ताच हसनाबादहून, मामाकडून आलो. वाटेत भजे फार भारी मिळाले, पण ते राहू द्या.

ऐन ज्वारीच्या सुगीत मी मामाचं काम टाकून, न सांगता भटकायला गेल्तो. तेव्हापासून मामा माझ्याशी बोलत नव्हता. आजबी तोंड फिरवून बसला.

मंग मी मामाच्या पोरांचा ब्रिक गेम खेळायला घेतला. वरून विटा पडतात, त्या रचायच्या. मला तो आधी कधीच आवडला नव्हता.

मागून मामा म्हणला, "खाली पोकळ जागा कशाला सोडतो? कडब्याची गाडी अशीच भरतो का रं?"

मंग तो सांगत गेला, मी बटनं दाबत गेलो. मामी हसून म्हणली, "जेवता का आता दोघं?"

आता हाच माझा सगळ्यात लाडका गेम. तुमचा अबोला कोणत्या गेमनं मोडला?