अडतीस ठिपके

संध्याअक्का चुकली नाही असं मी म्हणणार नाही. चुकली. पण तिच्या चुकीला जो हसेल त्याला मी आमच्या दुकानाची पायरी चढू देणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

ती माझ्या आत्याची मुलगी. वय एकोणतीस. राजाजीनगरात आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहायची. आंबाड्यात पेन्सिल खोचायची आणि मग घरभर पेन्सिल शोधत फिरायची. कॉलेजात संख्याशास्त्र शिकली, मग एचएसआर लेआउटला एका ऑफिसात तीन वर्षं नुसते तक्ते काढले. एक दिवस आली आणि म्हणाली, "रक्षी, मी काढते ते तक्ते कुणी बघतच नाही गं." आणि सोडली नोकरी. आमच्या गल्लीच्या टोकाला शाळा आहे. तिथले हेडमास्तर महांतेश सर. त्यांना जाऊन म्हणाली, दहावीला दर मंगळवारी शाळा सुटल्यावर गणिताचा जादा वर्ग घेते.

त्या दहावीत मी होते. डिसेंबरात शाळा सोडली. कारण विचारू नका, सगळ्यांनी विचारून झालंय. मला बाकावर बसवत नाही, बस्स. आता आईच्या फॉल-पिकोच्या दुकानात बसते, तिथंही दर दहा मिनिटांनी उठते.

अक्काचा वर्ग म्हणजे आधी पन्नास मार्कांचा पेपर. तपासून झाला की खालच्या सहा नावांपुढं लाल टिंब. ती सहा जणं मागं थांबायची आणि अक्का त्यांना चुरमुरी खायला घालून तेच गणित परत शिकवायची, चार-चारदा. माझ्या बाकावरची कावेरी त्या सहांत कायम असायची. तिला पन्नासात नऊ, कधी अकरा.

"अक्का, माझं टिंब तेवढं परमनंट करून टाका," कावेरी म्हणायची. "दर आठवड्याला शाई कशाला घालवताय?"

"तुझं टिंब मार्चपर्यंत पुसायचं मला," अक्का म्हणायची. "खा आधी."

आणि पुसलं असतं तिनं. वर्ग चालला असता तर.

जानेवारीत सरांनी खोडा घातला. बोर्डाच्या आधी शाळेत सराव परीक्षा होते, ऐंशी मार्कांची. सर म्हणाले, "मॅडम, तुमच्या मंगळवारच्या पेपरात ज्यांना जास्त पडतात त्यांना सराव परीक्षेतही जास्त पडतात का? कमी तिथं कमी? तसं असलं तर तुमच्या टिंबाला अर्थ आहे. आकडे जुळवून दाखवा, वर्ग चालू ठेवू. नाहीतर तो वेळ मी उजळणीला देतो."

अक्का खूश! हे तर तिचंच काम. कोरिलेशन म्हणतात त्याला. मला बसवून समजावलं होतं. आलेखाच्या कागदावर आडवे मंगळवारचे मार्क, उभे शाळेचे. एका मुलाचे दोन आकडे, दोन रेघा. "त्या जिथं भेटतात ना, तिथं तो मुलगा." असे सगळ्या वर्गाचे ठिपके द्यायचे. ते खालून वर तिरके चढत गेले तर दोन परीक्षा एकमेकींना धरून आहेत. तीळ सांडल्यासारखे कुठंही पडले, तर एकीचा दुसरीशी काही संबंध नाही.

"माझा ठिपका?" मी विचारलं.

"सराव परीक्षेला बसली नाहीस ना. दुसरा आकडा नाही. जोडी नसली की ठिपका नाही." वहीत माझं नाव तिनं खोडलं नव्हतं. पेन्सिलीनं कंस केला होता फक्त.

शाळेचे मार्क ऑफिसातल्या धनलक्ष्मी मॅडमनी दिले. नावं बाहेर द्यायची नाहीत असा सरांचा हुकूम, म्हणून कागदावर नुसता एक ते अडतीस नंबर आणि पुढं मार्क. मुलांना पेपर अजून मिळाले नव्हते. अक्काच्या वहीतही माझं कंसातलं सोडून अडतीस नावं, एक ते अडतीस. तिनं एक नंबरच्या नावापुढं एक नंबरचे मार्क लिहिले, दोनपुढं दोनचे. ठिपके दिले.

तीळ सांडले होते.

तिनं परत हिशोब केला. कॅल्क्युलेटरवर, मग हातानं, मग मोबाईलवर. एकाच्या जवळ यायला हवा तो आकडा, आला शून्य पॉइंट शून्य सात. आत्यानं जेवायला हाका मारल्या. ही आपली कागदापुढं बसून. मी म्हटलं, "सरांना थोडं वाढवून सांग की. सरांना कुठं कळतंय?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी गप्प जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पायानं गेली आणि सरांना म्हणाली, "माझ्या पेपरातून काहीच कळत नाही. सहा महिने मी भलत्याच मुलांना थांबवून घेतलं." सर म्हणाले, "सरी, ठीक आहे मॅडम, तुम्ही खरं सांगितलंत." झालं. वर्ग बंद. फेब्रुवारीत ती आनेकलला गेली, एका पंपाच्या कारखान्यात मापं तपासून लिहायच्या कामाला. तिथंच खोली घेतली. जाताना पोरांना भेटली नाही. लाज वाटली असणार तिला.

कावेरी पेपर घेऊन दुकानात आली. ऐंशीत चौदा. कागद माझ्यापुढं टाकला आणि म्हणाली, "अक्कानं माझे मार्क बघितले आणि गेली ना?"

"काहीतरी बोलू नको."

"मग का गेली?"

मला नीट सांगता आलं नाही. मी म्हटलं, कोरिलेशन आलं नाही. ती म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळंच." साडीचा एक तुकडा उचलला, चुरगळला आणि ठेवून गेली.

बोर्डात गणितात गेली ती. दुसऱ्यांदा परीक्षा असते, बस म्हटलं, नाही बसली. आता सकाळी गारमेंटच्या कारखान्याची व्हॅन येते, तिच्यातून जाते. माझा फोन उचलत नाही. मी शाळा सोडली ती माझ्या मस्तीत. कावेरीला सोडायची नव्हती.

मेमध्ये आत्यानं वरची खोली आवरायला घेतली. अक्काच्या कागदांची गुंडाळी मला दिली, रद्दीत टाक म्हणून. मी उघडली. तोच आलेख. मागच्या बाजूला तिच्या बारीक अक्षरात जोड्या लिहिलेल्या. सोळा नंबर. कावेरी. नऊ, सहासष्ट.

सहासष्ट? कावेरीला?

तिचा पेपर मी या हातात धरला होता. चौदा! खाली बघितलं तर वर्गात कायम पहिला येणारा विराट. मंगळवारी सेहेचाळीस, शाळेत सतरा. विराटला सतरा पडले असते तर त्याच्या आईनं शाळेचं गेट उपटून नेलं असतं. गणित येत नाही मला, पण या अडतीस जणांबरोबर मी दहा वर्षं डबा खाल्लाय.

तशीच शाळेत गेले. धनलक्ष्मी मॅडम म्हणाल्या, "काय गं, सोडून गेलीस ती आता आलीस?"

"मॅडम, दहावीचं रजिस्टर स्वल्प, जरासं दाखवा. एकच नाव बघते."

"सर ओरडतील."

"सोळा नंबर कोण आहे, तेवढंच सांगा. पाया पडते."

त्यांनी रजिस्टर उघडून माझ्याकडं फिरवलं. कन्नडमध्ये लिहिलेलं. सोळा नंबरला कावेरी नव्हतीच. कावेरी सातवी होती.

मी पहिल्या नावापासून बोट फिरवत आले. ऑफिसात नावं कन्नड मुळाक्षरांनी लावतात. आधी अ-आ, मग लगेच क. अक्काच्या वहीत कॉम्प्युटरची यादी, ए बी सी डी. तिथं के यायला अर्धा वर्ग संपतो. दोन्ही याद्या नावांच्याच, दोन्ही अडतीसच्या, आणि क्रम वेगळे. अक्कानं प्रत्येकाला दुसऱ्याच कुणाचे तरी मार्क लावले होते. जिथं ऑफिसात कन्नड, वहीत इंग्लिश आणि घरात मराठी, तिथंच असं होतं बघा.

मॅडमनी स्वतः मार्क वाचून दाखवले, नाव घेऊन एकेक. मला म्हणाल्या, "मला नाव घालून द्यायचं होतं गं. सर नको म्हणाले." मी दुकानात बसून, एकदाही न उठता, ठिपके दिले. तिरके चढले. थोडे इकडंतिकडं, पण चढले. अगदी खाली कोपऱ्यात कावेरी, अगदी वर विराट. लाल टिंबांची सहाच्या सहा जणं खाली, एका ठिकाणी.

महांतेश सरांनी कागद बघितला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू." मी जे बोलले ते इथं लिहीत नाही.

मग दोन बसा बदलून आनेकल. जेवणाच्या सुट्टीत अक्का गेटबाहेर आली. अंगात निळा कोट, आंबाड्यात पेन्सिल. मी आलेख तिच्या हातात दिला आणि क्रमाचं सगळं सांगितलं. तिचं बोट ठिपक्यांवरून खालून वर गेलं, परत खाली आलं.

"यातली कावेरी कुठली?"

मी दाखवली.

"पास झाली?"

मी नाही म्हणून मान हलवली. गारमेंटचं सांगितलं. ती काय म्हणाली होती तेही सांगितलं, नको होतं सांगायला.

अक्का गेटच्या कठड्यावर बसली. "हिशोब मी तीनदा तपासला," ती म्हणाली. "नावं एकदाही नाही. पोरांची नावं मला पाठ होती रक्षी, आणि मी नंबर लावत बसले."

"तुझे पेपर बरोबर होते, अक्का. कळतंय का? तूच बरोबर होतीस!"

"मग तिला सोडून आले ते कसं बरोबर?"

मी म्हटलं, "परत चल."

"मार्च गेला."

तिनं आंबाड्यातली पेन्सिल काढली. आडव्या रेघेवर एकतीसवर थांबली. माझे मंगळवारचे मार्क, तिला पाठ होते. तिथून उभी, अगदी फिकट रेघ काढत गेली, सगळ्या ठिपक्यांच्या वरपर्यंत. ठिपका कुठंच दिला नाही.

"आता बसशील परीक्षेला?"

भोंगा वाजला. आतली माणसं परत निघाली. हो म्हणून टाकायचं होतं मला, तेवढ्यानं तिचा चेहरा बदलला असता. पण खोटा आकडा तिला चालत नाही, हे माझ्याएवढं कुणाला माहीत?

तिनं कागदाची घडी केली, कोटाच्या खिशात घातली आणि आत गेली.