चंद्राआड न जाणारी वाट

चंद्राविषयी इतकं अरसिक बोलणारी दुसरी बाई मी आयुष्यात पाहिली नाही. कुणी नव्या सुनेला चंद्रासारखी म्हटलं, की "म्हणजे ओबडधोबड?" असं त्या निरागसपणे विचारायच्या. चामराजपेटेत आमच्या वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या या अक्का, कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेल्या. नव्वदच्या दशकातल्या त्या वर्षांत त्यांना एकच काळजी होती: उद्या माणसांनी चंद्राभोवती स्थानक फिरवलं, तर ते कुठल्या वाटेनं फिरवायचं? "जवळून गोल फिरवलं तर दर फेरीला चंद्राच्या आड जातंय. तेवढा वेळ पृथ्वी दिसत नाही, बोलणं बंद. आतल्या माणसांनी काय करायचं, सांग?" जणू ती माणसं त्यांचे भाचे-पुतणेच होती. अक्कांच्या मनातली वाट उभी, लांबट, चंद्राच्या ध्रुवांवरून जाणारी. पृथ्वीवरून पाहिलं तर कायम नजरेसमोर. ती त्यांनी भाजीवाल्याला पडवळ वाकवून दाखवली होती आणि बसच्या कंडक्टरला तिकिटामागे काढून. "सरी अम्मा, सरी," असं कन्नडमध्ये बरं-बरं म्हणत त्यानं त्यांना बनशंकरीला उतरवलं. त्यांचा स्टॉप केव्हाच मागे पडला होता.

एका वर्षी आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी कार्यवाह होतो. अक्कांनी व्याख्यानाला वीस मिनिटं मागितली. मी दिली, मुलांची वेशभूषा आणि जेवण यांच्या मधली. महिनाभर वरून सरावाचा आवाज येत होता. त्या दिवशी ठेवणीतली साडी नेसून, मोसंबं, लिंबू आणि वाकवलेली तार घेऊन त्या उभ्या राहिल्या. सातव्या मिनिटाला मसालेभाताचा वास आला, कुणीतरी "पहिली पंगत!" म्हणून ओरडलं आणि खुर्च्या सरकू लागल्या. "स्वल्प थांबा, आता ध्रुवावरच येतोय आपण," अक्का म्हणाल्या. कुणी थांबलं नाही. मीही नाही, जिलबी वाढायला माणसं कमी होती.

परत आलो तेव्हा सभागृहात एकच म्हातारी बाई उरली होती. सून न्यायला येईपर्यंत तिला उठता येत नव्हतं. अक्का तिच्यासमोर त्याच खणखणीत आवाजात, लिंबाभोवती तार धरून शेवटच्या मुद्द्यावर आल्या होत्या.

"म्हणजे तिथून घर दिसतं म्हण की," म्हातारी म्हणाली.

"दिसतंय. कायम दिसतंय," अक्का म्हणाल्या आणि लिंबू पिशवीत ठेवलं.

त्यानंतर दर गुरुवारी दुपारी दोन बस बदलून अक्का तिच्याकडे के. आर. पुरमला जाऊ लागल्या. एकदा जिन्यात भेटल्या तेव्हा मी विचारलं, "अक्का, त्यांना समजतं का हो हे सगळं?"

"समजतंय कुठलं! दहा मिनिटांत झोपतात," त्या हसल्या. "पण उठून जात नाहीत रे."

मी मान खाली घातली. "पुढच्या गुरुवारी मी येतो तुमच्याबरोबर," म्हणालो. त्यांचा चेहरा इतका उजळला, की मलाच कसंतरी झालं. लगेच वर जाऊन त्यांनी बसचे नंबर आणि वेळा वळणदार अक्षरात लिहून आणल्या.

तो गुरुवार ऑफिसात गेला. नंतरचेही.